वाशी: पूल १९७३ चा, लोकल १९९२ ची

मानखुर्द आणि वाशी यांना जोडणारा ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ मध्ये खुला झाला. त्याच खाडीवरून पहिली लोकल वाशीला पोहोचली ९ मे १९९२ रोजी. मधल्या १९ वर्षांत वाशीचे सेक्टर आखले गेले, इमारती उभ्या राहिल्या, शाळा निघाल्या, कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार आला, जमिनीसाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. एवढे सगळे होऊनही मुंबईत नोकरीला जाणाऱ्या माणसाला आधी बसने खाडी ओलांडायची आणि मग पलीकडे मानखुर्दला किंवा चेंबूरला हार्बरची गाडी धरायची, हे चुकत नव्हते.

वाशी लोकलमुळे घडली असे सर्रास म्हटले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. लोकल उशिरा आली, त्या उशिराचाही वाशीच्या घडणीत तेवढाच वाटा आहे. आणि त्या उशिराची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. नवी मुंबईतल्या ऐरोली, खारघर, तळोजा, उलवे यांचे प्रश्न समजून घ्यायचे तरी सुरुवात वाशीपासूनच करावी लागते, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

खाडीचा पूर्व काठ

दिघ्यापासून बेलापूरपर्यंत खाडीच्या कडेने गावांची एक लांब ओळ होती, आजही आहे. ऐरोली, दिवा, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, बोनकोडे, जुहूगाव, वाशी, तुर्भे, सानपाडा, शिरवणे, नेरूळ, सारसोळे, करावे ही त्यातली काही नावे. वस्ती मुख्यत्वे आगरी आणि कोळी समाजाची. पावसाळ्यात खारजमिनीत भात, कोरड्या महिन्यांत मिठागरे, आणि बारा महिने खाडीतली मासेमारी. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचे आणि पावसाचे पाणी बाहेर काढायला त्यात उघाडी ठेवायची, ही इथली जुनी विद्या. बांध फुटला तर खारे पाणी शिरून जमीन पुढची काही वर्षे नापीक व्हायची, म्हणून बांधाची राखण हे सगळ्या गावाचे काम असे.

मुंबई समोर दिसत होती, पण तिथे जायचे तर होडीने, नाहीतर ठाण्याला वळसा घालून. रेल्वे या काठावर नव्हती. साठच्या दशकात दिवा-पनवेल मार्ग झाला, तोही पारसिकच्या डोंगरापलीकडून, निळजे-तळोज्याच्या बाजूने गेला. त्याच दशकात एमआयडीसीने ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने औद्योगिक पट्टा उभा केला आणि रासायनिक कारखाने आले. म्हणजे शहराच्या आधी कारखाने आले होते. ही नोंद महत्त्वाची आहे, कारण नवी मुंबई रिकाम्या जमिनीवर वसवली असा समज अजून पुष्कळांच्या मनात आहे. जमीन रिकामी नव्हती आणि रोजगारही शून्य नव्हता. कामगार ठाण्याहून, कळव्याहून यायचे, काही जवळच्या गावांत खोल्या घेऊन राहायचे, काहींनी दिघा-तुर्भ्याच्या बाजूला झोपड्या बांधल्या. त्यांच्यासाठी घरे कुठे असतील आणि ते ये-जा कशी करतील, याचा विचार कारखाने काढताना कोणी केलेला दिसत नाही.

१९५९ ची शिफारस

मुंबई उत्तर-दक्षिण लांब आणि चिंचोळी. नोकऱ्या दक्षिण टोकाला, घरे उत्तरेला सरकत चाललेली. सकाळी सगळी गर्दी एका दिशेला, संध्याकाळी उलट दिशेला. या कोंडीवर विचार करण्यासाठी १९५८ मध्ये स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत त्याचा अहवाल आला. ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडची मुख्य भूमी विकासाला मोकळी करावी ही त्यातली प्रमुख शिफारस. तो पूल रस्ता आणि रेल्वे दोन्हींसाठी असावा, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले होते.

पुढे धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने १९६६ मध्ये महाराष्ट्राच्या प्रादेशिक नियोजनाचा व्यापक विचार मांडला. त्याच सुमारास, १९६५ मध्ये, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रविणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना जाहीरपणे मांडली. मुंबईची वाढ उत्तरेऐवजी पूर्वेला वळवली, तिथे सरकारी कचेऱ्या आणि व्यापार नेला, तर एकाच दिशेची गर्दी विभागली जाईल, असा त्यांचा तर्क होता. १७ मार्च १९७० रोजी हे शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. ९५ गावे, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि अंदाजे २० लाख लोकवस्तीचे उद्दिष्ट असा हा पसारा होता.

आराखड्यातली मांडणी आजही अभ्यासण्यासारखी आहे. शहर सलग न पसरवता नोडमध्ये, म्हणजे छोट्या उपनगरांत, विभागायचे, प्रत्येक नोडमध्ये शाळा, बाजार, दवाखाना असायचा, आणि हे नोड सार्वजनिक वाहतुकीच्या मार्गावर एकापाठोपाठ एक यायचे. रेल्वेसाठी लागणारी पट्टी पहिल्यापासून राखून ठेवली. पुढे २० वर्षांनी रूळ टाकायची वेळ आली तेव्हा भरवस्तीतून मार्ग काढावा लागला नाही, तो या दूरदृष्टीमुळे. मुंबईत एक उड्डाणपूल बांधायचा तर किती घरे आणि दुकाने हलवावी लागतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या राखलेल्या पट्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

हा आराखडा एका गृहीतकावर उभा होता. नोकऱ्या इकडे येतील, माणसे नोकऱ्यांमागे येतील. त्यासाठी राज्याचे सत्ताकेंद्र खाडीपलीकडे जाणे आवश्यक होते. प्रत्यक्षात मंत्रालय जागेवरून हलले नाही. बेलापूरला कोकण भवन झाले, विभागीय कचेऱ्या आल्या, पण निर्णय घेणारी खुर्ची दक्षिण मुंबईतच राहिली. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून कार्यालयांचे मनोरे उभे राहत होते. सिडकोचे नोंदणीकृत कार्यालयही तिथल्याच ‘निर्मल’ इमारतीत होते. सरकारने एका हाताने गर्दी पूर्वेला वळवण्याची योजना आखली आणि दुसऱ्या हाताने दक्षिण टोकाला आणखी जागा तयार करून दिली. ही या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक, असे मी मानतो. बाकीच्या बहुतेक अडचणी तिच्यातून निघाल्या आहेत.

पुलाने काय आणले

१९७३ चा पूल फक्त रस्त्याचा झाला. बर्वे गटाने सांगितलेली रेल्वे त्यातून गळाली.

रस्त्याचा पूल झाल्याचा पहिला परिणाम वाशीवर झाला नाही, मुंबई-पुणे वाहतुकीवर झाला. तोपर्यंत पुण्याला जाणारी गाडी ठाणे, मुंब्रा, शिळफाटा करत पनवेलला यायची. पुलामुळे हा वळसा वाचला आणि सायन-पनवेल हा मुख्य मार्ग बनला. वाशीच्या मधोमध एक महामार्ग धावू लागला. नव्या शहरासाठी बांधलेला पूल सुरुवातीची अनेक वर्षे मुख्यत्वे शहर ओलांडून पुढे जाणाऱ्यांच्या कामी आला.

वाशीत राहायला आलेल्यांची भिस्त बसवर होती. एसटी होती, बेस्ट होती, आणि सिडकोने स्वतःची बससेवाही काढली होती. बीएमटीसी या नावाने ती जुन्या रहिवाशांच्या लक्षात आहे. ती ऐंशीच्या दशकात बंद पडली आणि तिच्या कामगारांचा थकलेल्या देण्यांसाठीचा लढा पुढे वर्षानुवर्षे चालू राहिला. नव्या शहराला सर्वांत जास्त गरज असताना त्याची बससेवा बंद पडते, यावरून सार्वजनिक वाहतूक प्रत्यक्षात कितव्या क्रमांकावर होती ते कळते. त्यानंतर शहराला स्वतःची बससेवा मिळाली ती १९९६ मध्ये, महापालिकेच्या एनएमएमटीच्या रूपाने.

पुलाचीही स्वतःची दुखणी होती. खाडीवरची खारी, दमट हवा पोलादाला धार्जिणी नसते. पूर्वप्रतिबलित काँक्रीटच्या आतल्या ताणतारांना गंज चढला आणि काही काळातच दुरुस्त्या कराव्या लागल्या. मुंबईला आणि पुण्याला जाणारा सगळा भार या एकाच वाटेवर होता. त्यामुळे पुलाचा एखादा भाग दुरुस्तीला घेतला की त्याची झळ थेट पनवेलपर्यंत लागायची. दुसरा पूल १९९७ मध्ये आला, तोवर हेच चालू होते.

तरीही या रेल्वेविना काळात वाशीत एक चांगली गोष्ट घडली, आणि तिची नोंद क्वचितच घेतली जाते. मुंबईला रोज जाणे कठीण होते म्हणून गावातच बरेच काही उभे राहिले. चालत जाता येईल अशा अंतरावर शाळा, सेक्टरसेक्टरमधले बाजार, मैदाने. सुरुवातीच्या सेक्टरांतल्या सिडकोच्या वसाहती, जेएन-१, जेएन-२ वगैरे, मध्यम आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी बांधलेल्या. बांधकामाचा दर्जा वाईट निघाला, छताचे गिलावे पडले, पुनर्विकासाचे वाद दशकानुदशके चालले, हे सगळे खरे. पण त्या वसाहतींची मांडणी पाहा: बैठ्या आणि कमी मजल्यांच्या इमारती, मधे मोकळे अंगण, जवळ शाळा. रोज बाहेर जाणाऱ्यांपेक्षा इथेच दिवस काढणाऱ्यांचा विचार करून केलेली ती मांडणी होती.

घाऊक बाजारांची कहाणीही इथलीच. मुंबईतला घाऊक व्यापार मशीद बंदर, भायखळा, महात्मा फुले मंडई या भागांत दाटलेला. तो टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला हलवला गेला. कांदा-बटाटा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आला, पाठोपाठ धान्य आणि मसाले आले, आणि फळे-भाजीपाला १९९६ मध्ये. व्यापारी राजीखुशीने आले नाहीत, बरीच ओढाताण झाली. पण बाजार आला तेव्हा त्याच्याबरोबर माथाडी आले, तोलणार आले, टेम्पोवाले, हुंडेकरी, चहावाले आले. सातारा आणि पुणे जिल्ह्यांच्या डोंगराळ तालुक्यांतून पिढ्यानपिढ्या मुंबईत हमालीला येणारी कुटुंबे कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींत स्थिरावली. ‘नोकऱ्या आधी, माणसे मागून’ हे आराखड्यातले गृहीतक कुठे पूर्णपणे खरे ठरले असेल तर ते या बाजारात. मंत्रालय आले नाही, पण कांदा आला. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून रात्री निघालेला ट्रक पहाटे वाशीत रिकामा होतो, आणि त्याला लोकलची गरज लागत नाही. बाजाराला पूल पुरला. कचेरीत जाणाऱ्याला पुरला नाही.

जमीन ज्यांची होती

सिडकोची आर्थिक कल्पना सरळ होती. शेतजमीन संपादित करायची, रस्ते-पाणी-गटारे करून तिची किंमत वाढवायची, भूखंड विकायचे आणि त्या पैशातून पुढचा विकास करायचा. जमीन हेच भांडवल. या हिशेबात जमीनधारकाला मोबदला मिळाला तो शेतजमिनीच्या भावाने, आणि वाढीव किंमत शहराच्या तिजोरीत गेली.

१९८४ च्या जानेवारीत याचा स्फोट झाला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेल-बेलापूर पट्ट्यातले शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीला दास्तान फाटा आणि नवघर फाटा येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनधारकाला परत देण्याची योजना या लढ्यातून आली. राज्याच्या भूसंपादनाच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे. नव्या विमानतळाला पाटील यांचे नाव द्यावे ही मागणी इथल्या माणसाला इतकी जवळची का वाटते, तेही यातूनच कळते.

वाहतुकीच्या प्रकरणात हे कशासाठी, असे कोणी विचारील. कारण किमतीचे वेळापत्रक आणि वाहतुकीचे वेळापत्रक एकमेकांत अडकलेले होते. जमीन गेली सत्तरच्या दशकात, रेल्वेचा पत्ता नसताना. जमिनीला खरा भाव आला नव्वदच्या दशकात, रेल्वे आल्यावर. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांचे वाटप त्यानंतर हळूहळू झाले, त्यातही सार्वजनिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापून हातात पावणेनऊ टक्केच पडत. अनेकांनी वाट पाहून थकल्यावर भूखंड हातात येण्याआधीच कुलमुखत्यारपत्रावर आपला हक्क बिल्डरला देऊन टाकला. रेल्वे पुलाबरोबर, म्हणजे १९७३ च्या आसपास आली असती, तर जमीनधारकाला आपल्या जमिनीची होऊ घातलेली किंमत समोर दिसली असती आणि वाटाघाटी वेगळ्या पायावर झाल्या असत्या. उशिराचा सर्वांत मोठा भार गावठाणांवर पडला असे मी म्हणतो ते या अर्थाने. कुटुंबे वाढली, गावठाणाची हद्द वाढली नाही, मग ‘गरजेपोटी’ घरे उभी राहिली, आणि ती नियमित करण्याचा प्रश्न आजही निवडणुकीगणिक नव्याने उभा राहतो.

रेल्वे का रखडली

रेल्वे केंद्राची, शहर राज्याचे. जिथे प्रवासी नाहीत तिथे उपनगरी मार्ग कशासाठी टाकायचा, हा रेल्वेचा प्रश्न; आणि मार्ग नाही तर प्रवासी कुठून येणार, हा शहराचा. या घोळात वर्षे गेली. शेवटी जो तोडगा निघाला तो तेव्हा देशात नवा होता. मानखुर्द-बेलापूर मार्गाच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भाग राज्याच्या वतीने सिडकोने उचलावा आणि उरलेला एक तृतीयांश रेल्वेने. सिडकोने आपला वाटा जमिनीच्या उत्पन्नातून उभा केला, स्थानकांच्या इमारतींत कार्यालये आणि दुकाने काढून त्यातूनही पैसा मिळवला, आणि प्रवाशांच्या तिकिटावर अधिभारही लावला गेला.

या तोडग्याचे मला कौतुक आहे. नवी मुंबईची स्थानके बघा: वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ, बेलापूर. प्रशस्त फलाट, वर मजले, बाहेर मोकळी जागा. मुंबईतल्या जुन्या स्थानकांवर पुलासाठी चार फूट जागा मिळत नाही, त्या तुलनेत इथे श्वास घेता येतो. वाशी स्थानकाच्या इमारतीत माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांसाठी जागा काढली गेली आणि रेल्वे स्थानकावर कार्यालय ही कल्पना लोकांना प्रत्यक्ष दिसली.

आक्षेप आहे तो क्रमाबद्दल. सिडकोकडे रेल्वेसाठी पैसा येणार होता भूखंड विकून, आणि भूखंडांना भाव येणार होता रेल्वे आल्यावर. हे चक्र फिरवायला सुरुवातीचे भांडवल सरकारने बाहेरून घालायला हवे होते. ते घातले नाही, म्हणून दोन दशके बसच्या रांगेत गेली.

लोकल आल्यावर

१९९२ हे वर्ष वाशीच्या इतिहासात दोनदा येते. १ जानेवारीला नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली आणि मे महिन्यात लोकल. १९९३ मध्ये गाडी नेरूळ आणि मग बेलापूरपर्यंत गेली, १९९८ मध्ये पनवेलला पोहोचली. महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत सुमारे ३ लाख होती. २००१ मध्ये ती ७ लाखांवर गेली आणि २०११ मध्ये ११.२ लाख झाली. एका दशकात दुपटीहून अधिक वाढ. याला बाजार, उद्योग, मुंबईतले घरभाडे अशी इतर कारणेही आहेत, पण या दशकातला सर्वांत मोठा बदल विचाराल तर तो रूळ.

माणसे आली ती मात्र वेगळ्या कारणाने आली. सत्तर-ऐंशीच्या दशकात वाशीत घर घेणारा बहुधा इथेच काहीतरी करणारा असे, निदान करू पाहणारा. १९९२ नंतर फोर्टमध्ये नोकरी आणि वाशीत घर हे गणित जमू लागले. सकाळच्या गाड्या मुंबईकडे भरून, संध्याकाळी उलट. बर्वे गटाने आणि १९६५ च्या त्या तिघांनी जी एकतर्फी गर्दी मोडायची म्हटले होते, तिचीच एक शाखा खाडी ओलांडून आली. हार्बरवर जलद मार्ग नाही. वाशी ते सीएसएमटी प्रवास सगळी स्थानके घेत पाऊण तासाच्या पुढेच जातो, पनवेलहून तर त्याहून बराच जास्त. सगळ्या गाड्या १२ डब्यांच्या व्हायलाही २०१६ उजाडले.

स्थानकाच्या जागेचाही विचार करायला हवा. वाशीची जुनी वसाहत महामार्गाच्या उत्तरेला, स्थानक दक्षिणेला. सेक्टर १ ते १७ मधल्या माणसाला स्थानक गाठायचे तर सायन-पनवेल महामार्ग ओलांडायचा. सरळ रेषेत अंतर थोडे, पण मधे भरधाव वाहनांच्या मार्गिका. म्हणून भुयारी मार्ग, बस, रिक्षा. स्थानकाच्या शेजारी आहे ते वाशीगाव, जुनी कोळी-आगरी वस्ती, आणि तिच्यासमोर पुढे मॉल आणि कार्यालये आली. महामार्ग आधी पडला, त्यामुळे शहराचे दोन तुकडे आधीच झाले होते. रेल्वे नंतर आली आणि तिला दक्षिणेची बाजू मिळाली. हे दोन्ही मार्ग एका वेळी, एकमेकांकडे बघून बांधले असते तर रोज स्थानकापर्यंत चालणाऱ्या हजारो माणसांची पायपीट वाचली असती. वाहतुकीच्या अहवालांत पुलांची लांबी असते, या पायपिटीचा हिशेब नसतो.

ऐरोली, तळोजा, उलवे

वाशीचा धडा पुढच्या नोडना किती उपयोगी पडला, हे थोडक्यात पाहू.

ऐरोली-ठाणे बाजूला पुन्हा तोच क्रम. मुलुंड-ऐरोली पूल १९९९ मध्ये झाला, ठाण्याहून तुर्भे-वाशी-नेरूळकडे जाणारी ट्रान्स-हार्बर रेल्वे २००४ मध्ये आली. अंतर मात्र १९ वरून ५ वर्षांवर आले. या मार्गाने जे केले ते वाशीच्या लोकलला जमले नव्हते. जुने रासायनिक कारखाने बंद पडत होते, त्यांच्या जागी माहिती-तंत्रज्ञानाची संकुले आली, आणि डोंबिवली-कल्याणकडची मंडळी ठाण्याला गाडी बदलून ऐरोली-घणसोलीला कामाला येऊ लागली. नोकरीसाठी नवी मुंबईकडे येणारी गर्दी प्रथमच ठळकपणे दिसली. पण ही सगळी गर्दी ठाणे स्थानकावर आदळते. कळवा-ऐरोली उन्नत मार्गामुळे हा भार कमी होईल. त्यातले दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले, जोडमार्ग मात्र रुळालगतच्या झोपडपट्टीच्या पुनर्वसनाशी अडला. साठच्या दशकात कामगारांच्या घरांचा विचार झाला नव्हता, त्याचा हा थेट परिणाम आहे.

तळोज्यात सिडकोने मोठ्या प्रमाणावर घरे बांधली, सोडतीत घर लागलेली कुटुंबे राहायलाही आली. बेलापूर-पेंधर मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि ११.१ किलोमीटरचा हा मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला नोव्हेंबर २०२३ मध्ये. मधली वर्षे रिक्षा आणि अपुऱ्या बसवर गेली. कर्जाचे हप्ते भरणाऱ्या कुटुंबांवर घराच्या किमतीपेक्षा रोजच्या ये-जा खर्चाचा ताण अधिक पडला, असे तिथल्या माणसांशी बोलताना पुन्हा पुन्हा जाणवते.

उलव्यात क्रम थोडा बदललेला दिसतो. नेरूळ-बेलापूरहून खारकोपरपर्यंत लोकल २०१८ मध्ये आली, मुंबईतून शिवडीहून समुद्रावरून येणारा अटल सेतू २०२४ मध्ये. हे एकमेव ठिकाण जिथे मोठ्या पुलाआधी रूळ पोहोचले. मात्र ती लोकल मुंबईत थेट जात नाही, नेरूळला किंवा बेलापूरला गाडी बदलावी लागते.

आजची खाडी

वाशीजवळ तिसरा रस्तापूल उभा राहिला. त्याची एक बाजू ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि दुसरी २०२५ मध्ये खुली झाली. ऑक्टोबर २०२४ मध्येच मुंबईच्या प्रवेशद्वारांवरचा हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, त्यात वाशी आणि ऐरोली दोन्ही नाके आले. म्हणजे मोटारीने खाडी ओलांडणे सोपेही झाले आणि स्वस्तही. लोकलसाठी १९९२ चाच रेल्वेपूल आहे, दुसरी जोडी नाही.

तिसऱ्या पुलाच्या निमित्ताने एक चांगला पायंडा मात्र पडला. पुलाच्या कामामुळे मासेमारीवर होणाऱ्या परिणामांचा प्रश्न इथल्या मच्छीमारांच्या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात नेला आणि २०२१ मध्ये न्यायालयाने भरपाईचे धोरण ठरवण्याचे निर्देश राज्याला दिले. पहिल्या पुलाच्या वेळी खाडीत जाळे टाकणाऱ्याला कोणी विचारलेही नव्हते. आज हीच खाडी रोहित पक्ष्यांसाठी राखलेले अभयारण्य आहे आणि २०२२ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. इथे खांब उभा करायचा तर कांदळवन, पक्षी आणि कोळी तिघांनाही उत्तर द्यावे लागते.

अटल सेतू २१.८ किलोमीटरचा, देशातला सर्वांत लांब सागरी पूल. त्यावर रेल्वे नाही, आणि बससाठी राखीव मार्गिकाही नाही. ६५ वर्षांपूर्वीची बर्वे गटाची शिफारस इथे लागू करता आली असती. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले आणि डिसेंबरात उड्डाणे सुरू झाली. विमानतळावर सामान उचलणारा, साफसफाई करणारा, पहारा देणारा माणूस मोटारीने कामाला येणार नाही. तो येईल घणसोलीहून, तळोज्याहून, मुंब्र्याहून, उरणच्या गावांतून, आणि त्याची पाळी पहाटे चारला सुरू होईल किंवा रात्री एकला संपेल. दोन्ही विमानतळांना जोडणारी मेट्रो अजून कागदावर आहे, तोवर त्याच्यासाठी एनएमएमटीच्या रात्रीच्या बस लागतील, आणि त्या आत्ताच लागतील. अटल सेतूवरची एक मार्गिका गर्दीच्या वेळी बससाठी राखायला नवा खांब लागत नाही, निविदा लागत नाही. महापालिका, सिडको आणि एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांनी एका टेबलावर बसून वेळापत्रक ठरवले की ते काम सुरू होऊ शकते.